सेवलीचं पान

मी पत्रावळीवर जेवत नाही. लग्नकार्यात पंगत बसली की माझ्यासाठी आतून स्टीलचं ताट येतं, आणि सुना पाहुण्यांना हसत सांगतात, आमच्या सासूबाईंचं सोवळं फार. मी ते कधी खोडलं नाही. खोडायचं म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला मला इतकी वर्षं तोंड नव्हतं. आजही आहे असं नाही. पण हल्ली दुपारी डोळा लागत नाही, अंगणात वाळलेलं पान सरपटलं तरी मी दचकून उठते, आणि मग वाटतं, लिहून टाकावं एकदा.

आमचं गाव तापीच्या उत्तरेला. प्रकाशा गावच्या देवळांतल्या घंटा वारा फिरला की ऐकू यायच्या. दुसऱ्या बाजूला सातपुडा. सकाळी निळा, दुपारी नाहीसाच व्हायचा, संध्याकाळी पुन्हा उगवायचा. लहानपणी मला खरंच वाटायचं की दुपारी डोंगर कुठेतरी जातो. घर पाटलाचं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो, आईला माय. घरात तिसरी बाई म्हणजे फुई, नानांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पुसलं गेलं आणि भावाच्या दारी आली, ती तिथेच पिकली. ती पहाटे जात्यावर बसायची तेव्हा ओव्या म्हणायची नाही. नुसतं हूं हूं करायची, दात दुखत असल्यासारखं. त्या आवाजाने मी जागी व्हायचे. मग कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा वास, ठेच्याचा ठसका, गोठ्यातल्या साखळ्या. बोलणं सगळं अहिराणी. शाळेतली मराठी आम्ही धुतलेल्या कपड्यांसारखी तेवढ्यापुरती घालायचो.

ते लढाईचं साल होतं आणि वर पावसानेही तोंड फिरवलं होतं. डोंगरातली भिलाची कुटुंबं दरवर्षी मजुरीला खाली यायची, त्या साली जास्त आली, लवकर आली. आमच्या मळ्याच्या बांधाला त्यांच्या झोपड्या पडल्या. मास्तर धुळ्याकडचे, एकटे राहायचे. त्यांनी नानांच्या कानावर घातलं, की पोरं उपाशी फिरतात, त्यांना शाळेत बसवा आणि दुपारी काही शिजवून घाला, फुकट. नाना काही धर्मात्मा नव्हते. पोरं इथे जेवली तर आईबाप गुजरातेत दुसऱ्याच्या उसात जाणार नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. पण त्यांनी ज्वारी दिली, तूर दिली, तेल दिलं, हेही खरं. रांधणार कोण, तर फुई. तिच्या हातचं गावातल्या कुठल्याही घराला चालत होतं, आणि ती रिकामी होती असं सगळे धरून चालायचे.

शाळा म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढे लांब ओटा. मागच्या अंगाला कुंपण, कुंपणाशी एक कडुलिंबाचं झाड, झाडाखाली तीन दगडांची चूल. फुई त्यावर मोठं तपेलं चढवायची. ज्वारीच्या कण्या, मूठभर तुरीची डाळ, हळद, आणि शेवटी पळीभर तेलात लसूण-मिरची चरचरून वरून ओतायची. धूर त्या कण्यांत मुरायचा. तो वास खोलीत आला की बाराखडी म्हणणारी पोरं एकदम गप्प व्हायची, आणि मास्तर पुस्तक मिटायचे. बोलावून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं.

जेवायला पान ज्याचं त्याने आणायचं. पळसाची पानं थंडी सरता सरता झडतात, म्हणून आधीच खुडून, काड्यांनी टाचून, दगडाखाली दाबून ठेवायची. जो तो आपली चळत लावून ठेवायचा. दुपारी ओट्यावर ओळीने पानं मांडायची आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर तापीतला एकेक गुळगुळीत खडा. खडा उचलून बाजूला ठेवला, की फुई वरून वाढायची. पळी पानाला लागू द्यायची नाही. कोणी हात पुढे केला की म्हणायची, “पान नही, ते जेवन नही.” एवढा एकच तिचा कायदा होता. पोरांनी तो पाठ केला होता, बाराखडीच्या आधी.

मला त्या ओळीत बसायची बंदी होती. पाटलाची पोर भिलाच्या पोरांच्या पंगतीला बसते, हे गावात चाललं नसतं. ओळ बसली की फुई मला डोळ्याने दटावायची, “कवतिक, घर जाय. तुन्ही माय ताट वाढी बठनी शे.” घरी तांदळाची खिचडी असायची, तूप असायचं. मला ते नको असायचं. मला त्या धुराच्या कण्या हव्या होत्या, आणि त्या ओळीतला तो आवाज. सगळे एकदम ओरपायचे ना, तो.

सेवली माझ्याच वयाची. कानात कथलाच्या बाळ्या, केस तांबूस, आणि डावखुरी. मास्तरांनी तिच्या डाव्या हातावर छडी मारून मारून पाहिली. ती उजव्या हातात पाटीची पेन्सिल धरायची आणि मास्तर वळले की डाव्यात घ्यायची. पान टाचायला तिनेच मला शिकवलं. माझी काडी नेहमी पान फाडायची. ती हसायची, “पाटलीन, तुन्हा हात लोनीना शे.” तिची पानं शंभरात ओळखू यायची, कारण तिच्या काड्या उलट्या बाजूने शिरलेल्या असायच्या. जेवताना पानावरचा खडाही ती डावीकडे ठेवायची. एके दिवशी मी घरी न जाता लिंबामागे उभी राहिले होते. ती आपलं अर्धं खाल्लेलं पान घेऊन तिथे आली आणि माझ्यापुढे धरलं.

“खाय ले.”

“नाना मारीन.”

“मंग नको खाऊ. दख नुसतं.” आणि ती माझ्या तोंडापुढे बोटं चाटायला लागली.

मी खाल्लं. त्यानंतर बऱ्याचदा खाल्लं. ती आधी अर्धं संपवायची, मग मला द्यायची, आणि मी खाताना कुंपणाकडे पाठ करून पहारा करायची. आता विचार केला की अंगावर काटा येतो. त्या पोरीचं दिवसाचं तेवढंच जेवण होतं.

थंडीतापाने ती गेली. शनिवारी शाळेत होती, हुडहुडत होती; नंतर आली नाही. बोंद्या नावाचा तिच्या नात्यातला पोऱ्या होता, पुढचे दोन दात पडलेला, सतत खिदळणारा. त्याने मास्तरांना सांगितलं, “सेवली मरी गयी, गुरुजी,” आणि आपल्या जागेवर बसला.  मास्तरांनी आम्हाला पाढे म्हणायला लावले.

दुपारी ओट्यावर पानं मांडली गेली, तेव्हा सेवलीच्या जागेवरही एक पान होतं. उलट्या काड्यांचं, वर खडा. फुई ओळ वाढत आली आणि तिथे थांबली.

“हाई कोनी मांडं?”

“मी,” बोंद्या म्हणाला.

“येडा शे का तू? ती गयी ना रे बापा.”

“ती गयी. पान कथं गयं?” बोंद्याने खोलीकडे बोट दाखवलं. तिथे कोपऱ्यात दगडाखाली तिची चळत होती, थंडीआधी लावलेली. “तूच सांगस ना फुई, पान नही ते जेवन नही? तिनं पान शे. मंग वाढ.”

पोरं हसली नाहीत. सगळी फुईकडे पाहत होती. मागाहून कळलं ते असं, की त्यांच्यात गेलेल्याचा घास वेगळा काढायची रीत होती आणि तिचं पुढचं कार्य डोंगरात घरी गेल्यावर, काठी गावची होळी झाली की व्हायचं होतं. तोवर ती इथेच, पानं लावली तिथे, भुकेली असणार. हे त्या पोरांना पावसापाण्याइतकं उघड होतं. आणि फुईलाही ते परकं कुठे होतं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकायचं काम तीच करायची. तिने पळी वर धरली आणि त्या पानावर कण्या सोडल्या. जेवणं झाल्यावर बोंद्याने ते पान उचलून लिंबाखाली नेऊन ठेवलं, कावळ्यासाठी, आणि खडा पुन्हा वर ठेवला.

ते मी खाल्लं.

का खाल्लं, याची मी पुढे अनेक कारणं स्वतःला देत आले. सेवलीची आठवण येत होती, हे एक. तिने नेहमी मला दिलंच असतं, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. पण खरं कारण मला ते हवं होतं. सगळे खोलीत गेले, फुई तपेलं घासायला विहिरीवर गेली, आणि मी लिंबामागे बसून, खडा उजवीकडे ठेवून, सगळं पान चाटूनपुसून खाल्लं. कण्या गार झाल्या होत्या. भर दुपार, झाडाची सावली पायाखाली गोळा झालेली, आणि खाताना मला माझ्या पाठीमागे कोणीतरी पहारा करत उभं आहे असं वाटत राहिलं. मी वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच वाटली नाही.

शाळा सुटल्यावर बोंद्याने रिकामं पान पाहिलं आणि आरोळी ठोकली, “सेवली उनी व्हती! चाटीपुसी खाई गयी!” पोरं धावली. त्यांना भीती नव्हती वाटत, आनंद झाला होता. दुसऱ्या दिवसापासून ती त्या रिकाम्या जागेशी बोलायला लागली. ओळीत बसताना तिच्या जागेला धक्का लागू द्यायची नाहीत. बोंद्या म्हणायचा, “सेवले, आते मज्या शे तुन्ही. मास्तर तुले मारी बी शकस नही.” आणि सगळी ओळ फिदीफिदी हसायची, आणि मग सगळी एकदम थांबायची, जणू तिच्या हसण्यासाठी जागा सोडतायत. तो थांबा मला अजून ऐकू येतो. मी दाराशी उभी राहून ऐकायचे, दुपारी ते पान रोज खायचे, आणि कोणालाच काही सांगत नव्हते.

मग मला ताप आला. साधाच, हिवाळ्यातला. काही दिवस घरीच होते, पांघरुणात. बरी होऊन शाळेत गेले तेव्हा मनात पहिली धाकधूक ही, की पान भरलेलं राहिलं असेल आणि पोरांचा विरस झाला असेल. बोंद्याला विचारलं. तो म्हणाला, “रोज खास ती. दख ना.” लिंबाखाली पान होतं. चाटून पुसून स्वच्छ, माझ्यासारखंच. कुत्र्याने खाल्लं तर पान फाटतं, ओढलं जातं. हे जागच्या जागी होतं. आणि खडा पानाच्या डावीकडे ठेवलेला होता.

या गोष्टीला साधं उत्तर असेल. भुकेचं साल होतं, कोणीही खाल्लं असेल. मी शिकलेली बाई आहे, शिक्षकाशी लग्न केलं, आयुष्यभर मुलांना सांगत आले की भूतबीत काही नसतं. मी फक्त काय पाहिलं ते सांगते आहे.

मळ्यापर्यंत ही बातमी जायला वेळ लागला नाही. एके सकाळी ओट्याच्या टोकाला एक बाई येऊन बसली. गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं, हाडं वर आलेली, हात मांडीवर उपडे. पोरं तिला याहा म्हणाली. त्यांच्यात आईला याहा म्हणतात. ही सेवलीची आई. ती काही मागत नव्हती. दुपारी पान मांडलं की त्या पानाकडे पाहत बसायची, पान लिंबाखाली गेलं की थोडं लांब, कुंपणाच्या टोकाला, पाठ करून बसायची. पोरीला संकोच वाटू नये म्हणून पाठ करते, असं बोंद्याने मला सांगितलं. मुकादम कामावर हाका मारायचा, ती जायची नाही. फुईने एकदा तिच्यासाठी पान मांडलं, तर म्हणाली, “माले नको. तिले वाढ.”

आणि मी? बाई पाठ करून बसलेली, तिच्यामागे चार हातांच्या अंतरावर झाडाआड बसून मी खातच होते. आवाज न करता खायला शिकले होते.

एकदा ती मला दाराशी गाठून म्हणाली, “तू पाटीलनी पोर ना? सेवली तुन्ही जोडीदारीन व्हती. तुले दिसस का ती?”

मी म्हणाले, “हां.”

तिने डोळे मिटले. मग उघडले. “काय सांगस?”

 “भूक लागनी सांगस,” मी म्हणाले.

बाईचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तिने पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा काढून त्या पानावर ठेवला. तो तिच्या स्वतःच्या वाट्याचा होता, हे मला कळत होतं. मी तोही खाल्ला.

होळी जवळ आली. बांधावरच्या झोपड्यांत ढोल तापवायला लागले होते. दिवस मावळताना त्यांचा घुमारा आमच्या ओसरीपर्यंत यायचा. कोपऱ्यातली सेवलीची चळत बोटाएवढी उरली होती. त्या दिवसांतली ती दुपार. वारा पडलेला, लिंबाचं पान हलत नव्हतं. मी खडा बाजूला ठेवला, पहिला घास घेतला, आणि समोर सावली पडली. याहा उभी होती. पाठ करून बसलेली बाई त्या दिवशी वळली होती.

 वाटलं, आता ओरडेल, मारेल. ती खाली बसली. माझ्याकडे पाहत राहिली, पण मी जिथे होते त्याच्या जरा मागे कुठेतरी. मग तिने पानावरच्या कण्या हाताने कालवल्या, लहान गोळा केला, आणि माझ्या तोंडाशी आणला.

“खाय, सेवली.”

मी तोंड उघडलं. तिने भरवलं. एक घास, दुसरा. ती त्यांच्या बोलीत हळूहळू काहीतरी बोलत होती, मला शब्द कळत नव्हते, आणि तरी काय म्हणते ते सगळं समजत होतं. माझ्या मायने मला कधी भरवल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे मोठ्या झालेल्या पोरीला कोणी भरवत नसे. पान संपलं तेव्हा तिने माझं तोंड पदराने पुसलं आणि थांबली. कशासाठी थांबली ते मला माहीत होतं. मी म्हणाले, “याहा.”

ती हसली. सेवलीसारखी हसली.

त्यानंतर ती रोज भरवायची. मी घरी जेवेनाशी झाले. माय ताट पुढे करायची, मी ते परत सरकवायचे. काहीही उचलायला डावा हात पुढे जायचा. मायने दोनदा टोकलं. मी मुद्दाम करत होते का? पहिल्यांदा मुद्दाम, हे मला आठवतं. नंतरचं सांगता येत नाही. मग पुन्हा ताप भरला, या खेपेला जोरात, आणि त्या तापात माय माझ्या कपाळावर ओली घडी ठेवत असताना मी तिला याहा म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणाले. मायच्या हातातलं भांडं पडलं, तो आवाज मला ऐकू आला होता. मी तेवढी शुद्धीवर होते.

नानांनी भगताला बोलावलं. त्याने तांदळाचे दाणे सुपात फिरवले, माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाला, “पोरले कोनी तरी खवाडं शे. मरेलना पानवरनं खवाडं शे. गावमा डाकीन बठेल शे.”

ताप उतरल्यावर मला शाळेच्या ओट्यावर नेलं. दुपारच्याच वेळी, कारण भगताला पंगत पाहायची होती. सगळं गाव जमलेलं. पोरं ओळीत पानांसमोर बसलेली, वाढलेलं पुढ्यात, पण कोणी खात नव्हतं. मास्तर दारात उभे. टोकाला याहा. तिच्यापुढे सेवलीचं पान, वाढलेलं, खडा बाजूला.

नाना माझ्यापुढे उकिडवे बसले. आवाज मऊ होता. “कवतिक, बेटा. घाबरू नको. तुले कोनी खवाडं?”

खरं उत्तर लांब होतं. ते सेवलीच्या अर्ध्या पानापासून सुरू होत होतं. मी चोरून खाल्लं, भिलाच्या पंगतीतलं खाल्लं, मेलेलीच्या नावचं खाल्लं, तिच्या आईला खोटं सांगितलं, हे सगळं त्यात होतं. मी ते बोलले नाही. मी हात वर केला आणि याहाकडे बोट दाखवलं. तिने भरवलं होतंच. खोटं असं मी काहीच सांगितलं नाही.

“बाई, तू खवाडं?” नानांनी विचारलं.

“हां,” ती म्हणाली. “मीच खवाडं. मन्ही पोर शे ती.”

गावातून एक आवाज निघाला, माणसांचा नव्हे असा. भगताने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो म्हणाला, डाकीण असेल तर तिला मेल्याच्या पानावरचं गिळता येणार नाही. तिने इथे सगळ्यांसमोर खावं, मग सोडू. त्याने ते पान काठीने तिच्याकडे ढकललं.

याहाने पानाकडे पाहिलं. ती उपाशी होती. तिच्या गळ्याची हाडं वर-खाली होताना मला दिसत होती. बोंद्या ओळीतून रडत ओरडला, “खाय ना याहा! खाय ले!” तिने मान हलवली.

“हाई सेवलीनं शे,” ती म्हणाली. “मी कशी खाऊ?”

आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जेवायची वेळ झाली आहे, ये ना, असं. पान माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. मला काही बोलायचीही गरज नव्हती. मी वाकून एक घास उचलला असता, रोजच्यासारखा तोंडात घातला असता, तर सगळ्यांना सगळं कळलं असतं. पोरगी चोरून खात होती, बाई वेडी झाली आहे, बास. नानांनी मला बडवलं असतं, घरात शुद्ध करून घेतलं असतं, आणि ते विसरलं गेलं असतं. मी नानांच्या धोतराचा सोगा धरला आणि त्यात तोंड लपवलं.

तिला मारलं नाही. नानांनी मारू दिलं नाही, असं आमच्या घरात नंतर पुष्कळदा अभिमानाने सांगितलं जायचं. दगड हातात घेऊन लोक वेशीपर्यंत मागे गेले, एवढंच. त्याच दिवशी बांधावरच्या झोपड्या मोडल्या. सगळी कुटुंबं डोंगराकडे निघाली. ढोल होते, पण वाजवत नव्हते. ओट्यावरची पोरं आपली पानं तशीच टाकून, न जेवता, आईबापांमागे पळाली. बोंद्याने जाताना माझ्याकडे वळून पाहिलं. तो पहिल्यांदाच हसत नव्हता. त्यांतलं कोणीही पुन्हा मला दिसलं नाही. याहा काठीच्या होळीपर्यंत पोचली का, तिने सेवलीचं कार्य केलं का, हे मी कोणाला विचारलं नाही. पुढच्या वर्षी पंगत पुन्हा सुरू झाली, गावातल्या पोरांपुरती.

गर्दी पांगल्यावर फुई ओट्यावर एकटीच उरली होती. टाकलेली पानं गोळा करत होती. सेवलीच्या पानापाशी आली, ते मात्र तिने उचललं नाही. त्यावर खडा ठेवला, बरोबर मधोमध. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “दोन्हीसनं वाढेल व्हतं मी. रोज.”

मला कळायला वेळ लागला. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणून बाकीच्यांना एक पळी आणि त्या पानावर दीड पळी पडायची.

“मंग तू का नही सांगं, फुई?”

तिने गोळा केलेल्या पानांचा भारा उचलून कमरेवर घेतला. “मी कोना घरमा ऱ्हास, बाई?” ती म्हणाली, आणि विहिरीकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. भर दुपारी मी एकटी ओट्यावर गेले. काय करायचं ते रात्रीच ठरवलं होतं: ते पान खायचं. कोणी पाहायला नव्हतं, त्याचा आता काही उपयोगही नव्हता, पण खायचं. ओट्यावर वारा नव्हता. सातपुडा दुपारी नाहीसा व्हायचा तसा झाला होता. पान जागेवर होतं, उलट्या काड्यांचं, काठोकाठ भरलेलं. कण्या वाळून त्यांना तडे गेले होते. कावळ्याची चोच लागलेली नव्हती. मुंग्या ओट्याच्या भिंतीवरून ओळीने चालल्या होत्या, आणि पानापाशी आल्यावर वळसा घालून जात होत्या.

मी खाली बसले. खडा उचलायला हात पुढे केला, तर पानावर खडा नव्हता. तो खाली होता, डावीकडे, नीट ठेवलेला, जेवायला बसताना ठेवतात तसा.

ती येऊन बसली होती. जेवली नव्हती.